कानामागची हालचाल

वसुधा पाटणकर पक्षपाती आहे, ही बातमी सगळ्यांत आधी तिच्याच कानांनी फोडली.

तीही भर सकाळी, रत्नागिरीच्या 'भरती' वाहिनीच्या स्टुडिओत, सगळ्या सहकाऱ्यांच्या देखत. समोरच्या पडद्यावर दोन हिरव्या पट्ट्या होत्या. निवडणुकीतल्या एक उमेदवार सरोजा बरठाकुर यांचं भाषण लावलं की डावीकडची पट्टी टुणकन वर जायची. दुसरे उमेदवार माधवन पिल्लै यांचं लावलं की उजवीकडची जराशी हलायची आणि परत खाली बसायची. भर दुपारी कुणी हाक मारली की आळशी कुत्रं एक डोळा उघडतं आणि मिटून घेतं, तसा तो प्रकार होता.

"पुन्हा लावा," वसुधा म्हणाली.

पुन्हा लावलं. मग भाषणांचा क्रम उलटा करून लावलं. पट्ट्यांनी आपला हेका सोडला नाही.

वसुधाला हे लागलं, कारण ती आयुष्यभर नाकासमोर चालत आलेली बाई होती. वाहिनीवर तिनं चालवलेल्या चर्चांनंतर दोन्ही बाजूंचे लोक तिला सारख्याच शिव्या घालत आणि ती त्या शिव्या प्रशस्तिपत्रासारख्या जपून ठेवी. म्हणूनच तर राष्ट्राध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक जाहीर झाली आणि दोन्ही उमेदवारांनी प्रत्येक मोठ्या भाषेत एकदा समोरासमोर वाद घालावा असं ठरलं, तेव्हा मराठीतल्या वादाचं सूत्रसंचालन तिच्याकडं आलं होतं. उमेदवार आपापल्या भाषेत बोलणार, आणि त्यांच्याच आवाजात त्याचं मराठी होऊन लोकांच्या कानावर पडणार. त्या करामतीचं आता कुणाला नवल उरलं नव्हतं. नवीन होता तो 'कानोसा'.

माणसाच्या कानामागं एक छोटा स्नायू असतो. मांजराचा कान आवाजाच्या दिशेनं वळतो, तो याच स्नायूच्या जोरावर. आपले पूर्वजही कधीकाळी असेच कान फिरवत असत. पुढं आपण मान वळवायला शिकलो आणि कान जागच्या जागी थिजले. पण त्या स्नायूला कुणी निवृत्तीचं पत्र दिलं नाही. तो अजूनही इमानेइतबारे कान टवकारायचा प्रयत्न करतो. कान हलत नाही, पण स्नायूत विजेची एक बारीक लहर उठते आणि टिकलीएवढी पट्टी कातडीवर चिकटवली की ती मोजता येते.

पुण्याच्या डॉ. मृदुला हसबनीस यांनी त्यातून पुढची गोष्ट शोधली. ही लहर आवाज मोठा की लहान, यावर अवलंबून नसते. बोलणारा आवडतो की नावडतो, याच्याशीही तिला फारसं देणंघेणं नाही. वैऱ्याचं बोलणंसुद्धा माणूस जिवाचा कान करून ऐकतो. पुढचं वाक्य ऐकायला हवं आहे की नाही, एवढंच ती सांगते. 'हा काय बोलणार ते मला ठाऊक आहे' असं मेंदूनं एकदा ठरवलं, की कानामागचा स्नायू अंग टाकून देतो. माणूस मान डोलावत राहतो, डोळेही समोर असतात, पण ऐकणं बंद झालेलं असतं.

निवडणुकीत वाहिन्यांनी एकमेकींवर इतका चिखल उडवला होता, की कुठल्याच निवेदकावर कुणाचा विश्वास राहिला नव्हता. तेव्हा नियम झाला: वाद चालवणाऱ्यानं दोन्ही कानांमागं कानोसा लावायचा, दोन्ही उमेदवारांच्या पट्ट्या पडद्याच्या कोपऱ्यात लोकांना दिसू द्यायच्या, आणि त्यांच्यातला फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर माणूस बदलायचा. सरावाचे आकडेही जाहीर करायचे.

"तुम्ही पिल्लैंच्या विरोधात आहात असं यंत्र म्हणत नाही," डॉ. हसबनीस म्हणाल्या. बाई तोंडाच्या स्पष्ट होत्या. "ते म्हणतंय, तुम्ही त्यांचं ऐकतच नाही."

"पण मला त्यांची सगळी भाषणं पाठ आहेत!"

"तेच म्हणतेय मी."

केंद्राचे संचालक गवाणकर रुमालानं कपाळ टिपत होते. "रविवारपर्यंत जुळायला हवं, वसुधाताई. नाहीतर दुसरं कुणीतरी... आणि मग लोक काय म्हणतील, ते तुम्हाला माहीतच आहे."

लोक म्हणायला लागलेही. ती गाडीत बसेपर्यंत एका वाहिनीवर 'पाटणकरबाईंचा बुरखा फाटला' अशी पट्टी फिरत होती, आणि दुसऱ्या वाहिनीवर तिच्या धैर्याचं कौतुक चाललं होतं. शिव्यांपेक्षा त्या कौतुकानं वसुधा जास्त घाबरली. आयुष्यात पहिल्यांदाच शिव्या एकाच बाजूनं येत होत्या.

घरी नाना वाट पाहत होते.

नाना म्हणजे तिचे सासरे. वसुधाचा नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. त्यामुळं घरात सून आणि सासरा अशी दोघंच, आणि दोघांचं मेतकूट असं, की बोटीवरच्या माणसाला फोनवर कधीकधी परकं वाटे. नानांनी भूमापन खात्यात मोजणीदार म्हणून जन्म काढला होता. भावाभावांच्या भांडणात गडगे, म्हणजे हद्दीचे दगडी बांध, मोजण्यात पायांची चाळण झालेली. पण आता पंच्याहत्तरी उलटल्यावरही माणूस ताठ, आवाज खणखणीत आणि भक्ती पिल्लैंवर.

ती भक्तीच मुळात वैतागाची गोष्ट होती. समुद्र वर चढत होता, किनाऱ्यावरच्या वाड्या दर पावसाळ्यात थोड्याथोड्या कमी होत होत्या. पिल्लै म्हणत, वेळेत मागं सरा, गावं आत न्या. बरठाकुर म्हणत, मागं कशाला सरायचं, समुद्राला भिंत घाला. नाना पिल्लैंचे. समोरच्या शेट्येबाई बरठाकुरांच्या. या दोघांनी कित्येक वर्षं कंपाउंडच्या भिंतीवर पेपर ठेवून रोज शब्दकोडं सोडवलं होतं. उमेदवार जाहीर झाले आणि कोडं सुटायचं थांबलं.

वसुधानं तेव्हाच घरात नियम केला होता. "नाना, मला वाद चालवायचाय. मतदान होईपर्यंत या घरात उमेदवारांविषयी चकार शब्द नको."

नानांनी कबूल केलं. एक चहा संपेपर्यंत पाळलंही. त्यानंतर सकाळी उठल्यापासून पिल्लै चालू. पिल्लै काय म्हणाले, पिल्लैंना काय म्हणायचं होतं, पिल्लैंना कुणी बोलू कसं दिलं नाही. वसुधानं मग घरोघरच्या सुनांनी वापरलेला उपाय काढला. ती 'हं' म्हणायला लागली. त्या 'हं'च्या आड ती अख्खा पेपर वाचून काढी, आणि आपण आपली निष्पक्षता कशी जपतोय याचा तिला मनातून अभिमानही वाटे.

आज आल्याआल्या ती खुर्चीत बसली. कानामागच्या पट्ट्या काढायच्या राहिल्या होत्या आणि फोनवर त्यांच्या रेघा चालू होत्या.

"ती वाहिनी काहीही बरळतेय," नाना म्हणाले. "तू मनावर घेऊ नको. अगो, पिल्लैंनी परवाच सांगितलं होतं, की या निवडणुकीत..."

"हं," वसुधा म्हणाली, आणि तिची नजर फोनवर गेली. रेघ आडवी पडली होती, अगदी शांत झोपल्यासारखी.

"...मागं सरणं म्हणजे पळणं नव्हे, असं ते म्हणाले..."

हेच वाक्य तिनं सकाळी स्टुडिओत पिल्लैंच्या तोंडून ऐकलं होतं. पण त्याआधी कितीदा तरी ते इथंच, चहाबरोबर, नानांच्या आवाजात तिच्यावरून वाहून गेलं होतं.

"बरं, ते जाऊ दे. आमसुलाची कढी केलेय," नाना म्हणाले, आणि रेघ ताडकन उठून उभी राहिली.

वसुधाला हसू फुटलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. आपण ज्या नियमानं स्वच्छ राहायला निघालो, त्यानंच आपला कान बधिर केला. पिल्लैंचं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. जे ऐकू येत होतं त्याला ती नुसतं 'हं' म्हणत आली होती.

नानांनी चष्मा नाकावर सरकवून फोनकडं पाहिलं. आयुष्यभर नकाशे वाचलेल्या माणसाला त्या रेघेचा अर्थ सांगावा लागला नाही.

"म्हणजे हे माझ्यामुळं झालं होय?"

"नाही हो नाना."

"खोटं नको बोलू. रेघ दिसतेय मला." ते उठले आणि कढी ढवळायला आत गेले. जेवताना त्यांनी पिल्लैंचं नाव काढलं नाही, की दुसरंही काही बोलले नाहीत. नियम झाल्यापासून तो पहिल्यांदाच पुरता पाळला जात होता, आणि वसुधाला तो आता नको झाला होता.

गवाणकरांनी तोडगा काढला. वसुधानं रविवारपर्यंत वाहिनीच्या अतिथिगृहात राहायचं. पेपर नाही, फोन नाही, कुणाशी बोलणं नाही. कान धुऊन पुसून कोरे करायचे. नानांनी तिला फाटकापर्यंत सोडलं, हातात लाडवांचा डबा दिला आणि "नीट झोप" एवढंच म्हणाले. वसुधा गाडीत बसली तरी ते फाटकाची कडी घालायला विसरून तसेच उभे होते.

शुक्रवारी पुन्हा सराव झाला. बरठाकुर बोलल्या, पट्टी जमिनीला टेकलेली. पिल्लै बोलले, पट्टी जमिनीला टेकलेली.

"जुळलं!" गवाणकर जवळजवळ नाचले. "तंतोतंत जुळलं!"

डॉ. हसबनीस हाताची घडी घालून पडद्याकडं बघत होत्या. "जुळलं खरं. शून्य आणि शून्य."

"म्हणजे?" वसुधानं विचारलं.

"म्हणजे आता तुम्ही दोघांचंही ऐकत नाही. इतर भाषांतल्या बऱ्याच निवेदकांना ही युक्ती आपोआप सापडलीय. नियम फक्त दोन पट्ट्यांतला फरक मोजतो. माणूस ऐकतोय का, हे मोजायचं त्यात लिहिलेलंच नाही. मी सांगायला गेले, तर म्हणाले, आधीच फार गुंतागुंत झालीय." त्यांनी खांदे उडवले. "तुम्ही उत्तीर्ण झालात, पाटणकरबाई. रविवारी तुम्हाला कुणी हलवू शकत नाही."

गवाणकरांनी पेढे मागवले. वसुधानं मात्र सरावाचं चित्रण मागून घेतलं आणि आपलाच चेहरा पाहिला. योग्य जागी मान हलत होती, योग्य जागी भुवया वर जात होत्या. उमेदवार गावांच्या बुडण्याबद्दल बोलत होते, माणसांच्या घरादारांबद्दल बोलत होते, आणि ती त्या सगळ्याला तोंडानं न बोलता 'हं' म्हणत होती. कुणी तक्रार करू शकलं नसतं इतकी ती निष्पक्ष दिसत होती. वसुधाला त्या बाईची भीती वाटली.

"मी घरी जाते," ती म्हणाली.

"अहो, पण आता सगळं जुळलेलं असताना..." गवाणकरांचा पेढा हातातच राहिला. "पुन्हा बिघडलं तर?"

"बिघडलं तर दुसरा माणूस बसवा."

घरी आली तो ओसरीवर नानांची पिशवी भरलेली. वर घडी केलेलं धोतर, बाजूला छत्री.

"देवरुखला जाऊन येतो म्हटलं. लेकीनं बोलावलंय," नाना दुसरीकडं बघत म्हणाले. लेकीनं बोलावलं नव्हतं हे वसुधाला कळलं, आणि तिला कळलंय हे त्यांनाही.

"नाना, बसा. मला पिल्लैंबद्दल सांगा."

"चेष्टा करतेस म्हाताऱ्याची?"

"नाही. तुम्हाला ते का पटतात, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. आज विचारतेय."

नाना अवघडून बसले. मग घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, ती थेट सभेतल्यासारखी. मागं सरणं म्हणजे पळणं नव्हे, वगैरे. वसुधा गप्प बसून ऐकत राहिली. नाना मधेच थांबून तिच्याकडं बघत. ती ऐकतेच आहे असं दिसल्यावर पुढं जात. थोड्या वेळानं घोषणा संपल्या. आजवर त्यांना इतक्या लांबवर कुणी येऊच दिलं नव्हतं, त्यामुळं पुढं काय बोलायचं हे त्यांनाच सुचेना.

"खाडीपलीकडच्या वाडीत मी नोकरीची पहिली मोजणी केली," ते एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले. "माडाची बाग होती, दोघा भावांची. हद्दीचे दगड मी स्वतः रोवून घेतले. गेल्या पावसाळ्यात जाऊन आलो. बाग नाही, भाऊ नाहीत. माझे दगड समुद्रात गेले गो, वसुधा. तिथं मासे फिरताहेत. आणि इथं सगळे म्हणतात, काही होत नाही, काही होत नाही. हा एकच माणूस म्हणाला, उठा आता. म्हणून मला तो आवडतो."

नानांनी पंच्यानं चष्मा पुसला. तो पुन्हा पुन्हा पुसला.

"पण एक गोष्ट मला रात्रीची टोचते," ते हळूच म्हणाले. "उठवून माणसं नेणार कुठं? त्याच्या भाषणात नुसतं 'आत' असतं. आत म्हणजे कुणाच्या जमिनीत? मी उभा जन्म मोजण्यात घालवला. कोकणात बिनमालकाची वीतभर जागा मला दिसली नाही. एकाचं घर वाचवायचं तर दुसऱ्याचा बांध फोडायला लागणार. हे त्याला कुणी विचारत नाही. मीही कुणापाशी बोललो नाही. शेट्येबाईंपाशी तर मुळीच नाही. तिला तेवढंच हवं."

वसुधा त्यांच्याकडं बघतच राहिली. इतके महिने ज्या माणसाला ती पिल्लैंचा भोंगा समजत होती, त्याच्या पोटात पिल्लैंविषयीची सगळ्यांत खरी शंका होती. कुणी ऐकत नव्हतं म्हणून तो नुसताच ओरडत होता. तिला त्यांची भयंकर माया आली, आणि ती ते तोंडानं म्हणालीही: "नाना, तुम्ही मला फार आवडता."

"पुरे," नाना म्हणाले. पण पिशवी त्यांनी पायानं कोपऱ्यात सरकवली. "आता तिकडचंही ऐकायला हवं तुला. चल."

"कुठं?"

"समोर. मोजणीला गेलो की आमचे लोक कुणाच्याच घरचा चहा घेत नसत. त्यांना वाटे, हे चोख. मी दोन्ही भावांकडं घ्यायचो. कोरड्या घशानं उन्हात साखळी ओढली की मोजमाप चुकतं, आणि घोटभर चहा घेईपर्यंत माणूस काय काय बोलतो, ते ऐकल्याशिवाय हद्द कळत नाही. साहेब रागवायचे. पण माझी मोजणी परत करावी लागली नाही कधी."

शेट्येबाईंनी दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवले. सिव्हिल हॉस्पिटलात परिचारिका म्हणून हयात गेलेली ही बाई कुणालाही दोन क्षणांत जोखायची. "काय हो पाटणकर, वाट चुकलात?"

"चहा प्यायला आलोय," नाना म्हणाले.

"आणि ही?"

"ही ऐकायला आलीय."

चहा फार गोड होता. नानांनी तो निमूट घेतला. शेट्येबाई बरठाकुरांबद्दल बोलायला लागल्या आणि नानांच्या मिशा फुरफुरायला लागल्या. पहिल्या भिंतीच्या उल्लेखालाच ते "अहो, पण" म्हणून उसळले. वसुधानं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. नाना धुसफुसत बसले, पण बसले.

"घर सोडलं की माणसं कशी होतात, ते मी पाहिलंय," शेट्येबाई सांगत होत्या. "पुरातून आणलेले म्हातारे वॉर्डात भरती व्हायचे. दुखणं काही नसायचं. नुसते भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि जायचे. यांचे पिल्लै म्हणतात, गावं हलवा. गाव काय कपाट आहे? त्यापेक्षा ती बाई बरी, जी म्हणते, तुम्ही राहा तिथंच, मी समुद्राला अडवते."

नाना हे पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचा कप हातात तसाच राहिला होता.

"आणि तुम्हाला शंका अशी काहीच नाही, काकू?" वसुधानं विचारलं.

शेट्येबाईंनी आधी नानांकडं रोखून पाहिलं. "हे इथं नसते तर सांगितलं असतं."

"मी कान बंद करतो," नाना म्हणाले.

"कराच." पण मग त्यांनी आपणहूनच सांगितलं. "भिंत कुठंतरी संपणार ना? अख्ख्या देशाला तर कुणी भिंत घालत नाही. अडवलेलं पाणी तिच्या टोकाशी जाणार. त्या टोकाशी कुणाचं तरी गाव असेलच. ती बाई त्या गावाचं नाव घेत नाही." त्यांनी कप गोळा केले. "हे बाहेर बोलायचं नाही हं. आमच्या मंडळातल्या बायका मला फाडून खातील."

त्या संध्याकाळी बऱ्याच महिन्यांनी भिंतीवर पेपर आला. वसुधा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. कोडं काही सुटलं नाही, कारण दोघं सगळा वेळ भांडत होती.

रविवारी सकाळी स्टुडिओकडं देशभरचे डोळे लागले होते. वसुधाच्या डाव्या हाताला बरठाकुर, उजव्या हाताला पिल्लै. पहिलं वाक्य पिल्लैंचं होतं: मागं सरणं म्हणजे पळणं नव्हे. वसुधाला माडाच्या बागेतले दगड दिसले, त्यांवरून फिरणारे मासे दिसले. बरठाकुर बोलल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडलेली म्हातारी माणसं दिसली. काचेपलीकडं डॉ. हसबनीस खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. कोपऱ्यातल्या दोन्ही पट्ट्या वर चढल्या होत्या आणि तिथंच थरथरत होत्या. कुठल्याच भाषेतल्या वादात त्या इतक्या वर गेल्या नव्हत्या. गवाणकर देवाचं नाव घेत होते.

शेवटचे प्रश्न उरले. ते विचारायचा अधिकार पूर्णपणे वसुधाचा. वाहिनीनं तयार करून दिलेले सभ्य प्रश्न तिच्यासमोर होते. तिच्या जिभेवर मात्र दुसरेच होते. नाना म्हणाले होते, मी कुणापाशी बोललो नाही. शेट्येबाई म्हणाल्या होत्या, बाहेर बोलायचं नाही. हे प्रश्न विचारले तर दोन घरांत तिनं मिळवलेला विश्वास इथं, साऱ्या देशासमोर खर्ची पडणार होता. नाव कुणाचंच निघणार नव्हतं. पण नानांना कळणार होतं. नानांना कळलं तर ते आणखी एकदा पिशवी भरतील, आणि या खेपेला ती त्यांना अडवू शकणार नव्हती. न विचारले तर त्या दोन घरांत ऐकलेल्या सगळ्याला पुन्हा तेच 'हं' म्हटल्यासारखं झालं असतं.

"पिल्लैसाहेब," ती म्हणाली. "तुमची बाजू मनापासून मानणाऱ्या माणसाची शंका विचारते. गावं आत न्यायची, ती कुणाच्या जमिनीत?"

पिल्लै उत्तर द्यायला पुढं झुकले आणि थांबले. त्यांनी पाणी प्यायलं. "मला माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "मी हा प्रश्न टाळत आलोय. यापुढं टाळणार नाही."

"बरठाकुरबाई, भिंत जिथं संपते, तिथलं गाव कुठलं?"

बरठाकुर आधी चिडल्या. आकडे सांगायला लागल्या, मग त्यांनीच मधे सोडून दिले. "त्या गावात मी अजून गेलेले नाही," त्या म्हणाल्या. "जायला हवं होतं."

वाद संपला. डॉ. हसबनीसांनी वसुधाच्या कानामागच्या पट्ट्या हळूच सोडवल्या आणि तिचा खांदा दाबला. गवाणकर काहीतरी फार चांगलं बोलत होते. वसुधाला कधी एकदा घरी पोचते असं झालं होतं, आणि पोचूच नये असंही वाटत होतं.

दुपारचं ऊन ओसरीवर आलं होतं. नाना झोपाळ्यावर बसले होते आणि त्यांच्या शेजारी शेट्येबाई. दोघांचे चेहरे एकसारखे तांबडे.

"आलीस?" नाना म्हणाले. "घरातलं बोलणं चव्हाट्यावर मांडलंस!"

"मी सांगितलं होतं, बाहेर बोलायचं नाही म्हणून," शेट्येबाई म्हणाल्या. "सांगितलं होतं की नाही, पाटणकर?"

"माझ्यासमोर सांगितलं होतं!"

"तुम्ही तर कान बंद केले होते."

"कान बंद करूनही ऐकू आलं, एवढ्या मोठ्यानं बोलता तुम्ही!"

वसुधा चपला न काढता खालच्या पायरीवर बसली आणि दोघांचं ऐकून घेतलं. बराच वेळ ऐकलं. तिनं काही सारवासारव केली नाही, कारण जे ते म्हणत होते ते खरं होतं. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं, तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मला तर विचारायचंच होतं."

नाना झोपाळ्यावरून उतरले. पिशवी उचलायला आत जाताहेत असं तिला वाटलं. पण ते खाली आले आणि गुडघ्यांवर हात टेकत तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"गडी 'मला माहीत नाही' म्हणाला," ते म्हणाले. "सगळ्या देशासमोर. माझ्या प्रश्नाला." ते वाईट वाटून म्हणत होते की अभिमानानं, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. "वसुधा, त्या बरठाकुरबाईंचं सगळं बोलणं मला परत लावून दे. पहिल्यापासून. मी आजवर तिचं एक वाक्य धड ऐकलेलं नाही. ती दिसली की वाहिनी बदलायचो."

"लावते."

तिनं फोन काढला. नानांनी एकदम तिचा हात धरला. त्यांच्या पकडीत जोर होता आणि डोळ्यांत भीती.

"आणि मला पटलं तर गं?"

"तर पटेल, नाना," वसुधा म्हणाली. "मी इथंच बसलेय तुमच्याजवळ."